चौदा दवाखान्यांचं वेळापत्रक

तक्तेबाईंचं खरं नाव डेपोच्या पगारपत्रकात होतं आणि तिथेच राहिलं. एकतीस वर्षं त्यांनी शहर बसच्या डेपोत ड्यूटीचे तक्ते केले. कोणती गाडी किती वाजता सुटायची, कुठून वळायची, कोणत्या ड्रायव्हरने कुठे उतरून जेवायचं, दुपारी कुठली गाडी उभी ठेवायची, हे सगळं त्या भल्यामोठ्या चौकडीच्या कागदावर टोकदार पेन्सिलीने मांडायच्या. दोनशे दहा गाड्या आणि साडेसहाशे माणसं त्यांना तोंडपाठ होती. पुढे तक्ते कॉम्प्युटरवर निघू लागले, तरी निघालेला कागद आधी त्यांच्याच टेबलावर यायचा. त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या, कागद डोळ्यांजवळ धरायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "सव्वाअकराची गाडी पुलाशी अडकेल." आणि ती अडकायची.

त्यांचे यजमान त्याच डेपोत ड्रायव्हर होते. लग्न ठरलं तेव्हा अख्ख्या डेपोने डोळे मिचकावले, की आता या गड्याची चंगळ. प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याला पहाटे पावणेपाचची गाडी आली, ती सलग नऊ वर्षं. घरच्या माणसाला सोपी ड्यूटी दिली तर बाकीच्यांना काय तोंड दाखवू, असं तक्तेबाईंचं म्हणणं. घरात कुणीही नवीन माणूस आला की काका ही गोष्ट चहाबरोबर सांगत. नात्यातली सगळी पोरं त्यांना काकाच म्हणत, म्हणून आपणही काकाच म्हणू.

निवृत्तीनंतरचे पहिले दोन महिने घराला फार जड गेले. तक्तेबाईंनी कपाटं लावली, कपाटांतल्या वस्तूंच्या याद्या केल्या, त्या याद्या दारांना आतून चिकटवल्या. तिसऱ्या महिन्यात त्यांनी काकांच्या अंघोळीची वेळ बदलली, कारण त्याच वेळी शेजारी पंप लावायचे आणि पाण्याची धार बारीक व्हायची. काकांनी हात टेकले. त्यांनी तक्तेबाईंच्या भाचीला फोन केला आणि गयावया करून सांगितलं की मावशीला कुठेतरी कामाला लाव, नाहीतर मी पुन्हा गाडी चालवायला जातो.

रविवारी दुपारी भाची आली ती स्वतःच रडवेली होऊन. ती एका लहानशा कंपनीत इंजिनियर होती. ही कंपनी डोळ्यांचे फोटो तपासायची. लांबलांबच्या दवाखान्यांत, जिथे डोळ्यांचा डॉक्टर वर्षातून एखाद वेळी उगवतो, तिथली सिस्टर पेशंटच्या डोळ्याच्या पार मागच्या पडद्याचा फोटो काढून पाठवायची. कंपनीचा प्रोग्रॅम तो बघून मिनिटाच्या आत सांगायचा, की मधुमेहाने पडद्याला इजा झाली आहे का, मोठ्या इस्पितळात लगेच जायला हवं का. हे सगळं चालायचं भाड्याच्या कॉम्प्युटरांवर. स्वतःची यंत्रं घ्यायची नाहीत, दुसऱ्याच्या प्रचंड मोठ्या इमारतींत मांडून ठेवलेली यंत्रं तासाच्या दराने वापरायची. याला सगळे क्लाउड म्हणत. सहा महिन्यांत त्या भाड्याचं बिल दुप्पट झालं होतं, आणि का झालं ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं.

तक्तेबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "रात्री त्या यंत्रांचं काय करता?"

"काय करता म्हणजे? चालू असतात."

"आणि त्या वेळी त्यांच्यात कोण बसलेलं असतं?"

भाचीला प्रश्न कळायला जरा वेळ लागला. मग ती म्हणाली, "कोणीच नाही."

तक्तेबाईंनी कप खाली ठेवला. काका नंतर सांगत, की हिच्या चेहऱ्यावर तेव्हा जो भाव होता तो मी लग्नातही पाहिला नव्हता.

कंपनी गालिच्यांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंतच जायची, तिथून पुढे जिना. बावीस माणसं, त्यांची टेबलं, खिडकीखाली गाड्या धुण्याचं केंद्र आणि त्याच्या फवाऱ्याचा दिवसभर आवाज. कंपनी काढली होती एका डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी. त्यांनी तक्तेबाईंना समोर बसवून दहा मिनिटं प्रश्न विचारले आणि तीन महिन्यांसाठी ठेवून घेतलं. यंत्रांचं सगळं ज्यांच्या हातात होतं त्या मुख्य इंजिनियरांना मात्र हे रुचलं नाही. गडी चाळिशीतला, दाढी छातीपर्यंत, बोलणं मोजकं. ऑफिसात त्यांना दाढीवाले म्हणत. बसच्या बाई क्लाउडचं काय बघणार, असं ते बोलले नाहीत, पण खुर्ची पुढे करताना त्यांच्या भुवया बोलल्याच.

तक्तेबाईंनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट मागितली. भाड्याने घेतलेल्या प्रत्येक यंत्राची यादी, आणि प्रत्येकापुढे ते कुणाचं आहे ते. यादी आली. तीनशे चाळीस ओळी. त्यातल्या सत्त्याण्णव ओळींपुढे कुणाचंच नाव नव्हतं.

त्या कागद घेऊन टेबलाटेबलावर गेल्या. कुणाला रागावल्या नाहीत, कुणाची चूक काढली नाही. फक्त शेजारी स्टूल ओढून बसायच्या आणि विचारायच्या, "हे तुमचं का?" लोकांना आधी हसू यायचं, मग आठवायला लागायचं. एकाने चाचणीसाठी आठवडाभर घेतलेली सहा यंत्रं चौदा महिने चालू होती. एक इंजिनियर दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून परदेशी गेला होता, त्याचं यंत्र अजून इमानाने रोज एक अहवाल तयार करून त्याच्या बंद झालेल्या पत्त्यावर पाठवत होतं. तक्तेबाईंना त्या यंत्राची दयाच आली. ते बंद करताना त्यांनी भाचीला सांगितलं, की आधी त्याने काय काय लिहिलंय ते एकदा बघून घे, एवढं केलंय बिचाऱ्याने.

त्यांनी नियम घातला, की ज्या यंत्राला मालकाचं नाव नाही त्याची दोन आठवडे वाट पाहायची, मग ते झोपवायचं, आणखी दोन आठवड्यांत कुणी हाक मारली नाही तर काढून टाकायचं. चाचणीची यंत्रं संध्याकाळी सातला झोपायची आणि सकाळी आठला उठायची. पहिल्याच महिन्यात बिलाचा पाचवा हिस्सा गळाला. दाढीवाल्यांच्या भुवया जागेवर आल्या.

पण तक्तेबाईंचं मन गुंतलं ते वेगळ्याच गोष्टीत. यंत्रांवर दिवसभरात किती काम येतं याचा आलेख भाचीने त्यांना पडद्यावर दाखवला. त्यांनी तो कागदावर मागितला, अख्ख्या आठवड्याचा. मग त्यांनी तो भिंतीवर लांबच्या लांब चिकटवला आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. सकाळी साडेसातला रेघ जेमतेम हलायची. नऊला ती उठून उभी राहायची, साडेअकराला शिगेला पोचायची, दुपारी बसायची, चारनंतर पुन्हा थोडी वर यायची. सोमवारचा डोंगर सगळ्यात उंच. शनिवारी एक बुटकी टेकडी.

"ही माणसं आहेत," त्या म्हणाल्या.

दाढीवाल्यांनी समजावलं, की ही यंत्रांच्या मेहनतीची टक्केवारी आहे.

"हो, पण साडेसातला जो हा केस हललाय ना, तो दवाखान्याचं दार उघडायच्या आधी येऊन बाकावर बसलेला म्हातारा आहे." त्यांनी त्या बारीक रेघेला बोट लावलं आणि मागे घेतलं, जसं काही ती पुसली जाईल. बसच्या गाड्या त्यांना दिसायच्या, आवाज यायचा, डिझेलचा वास यायचा. इथे काहीच नव्हतं. आणि तरी कुठल्या कुठल्या गावांतले हजारो लोक रोज त्याच वेळी उठून, चपला घालून, एका रेघेत येऊन उभे राहत होते. तक्तेबाई त्या दिवशी जेवायच्या विसरल्या.

पुढचं नियोजन त्यांना त्या रेघेनेच शिकवलं. रेघ कितीही खाली गेली तरी एका पातळीच्या खाली जात नव्हती. तेवढी यंत्रं वर्षाच्या करारावर घेतली तर जवळपास निम्म्या भाड्यात मिळत. वरचा डोंगर तासाच्या दराने घ्यायचा. आणि तिसरा एक प्रकार होता, त्याची त्यांना फार गंमत वाटली. त्या प्रचंड इमारतींत जी यंत्रं कुणी घेतलेली नसतील ती अगदी कवडीमोल भावात मिळत, पण मालकाला हवी झाली की दोन मिनिटांच्या इशाऱ्यावर सोडावी लागत. अशा यंत्रावर घाईचं काम द्यायचं नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

घाई नसलेलं एक काम तुंबून होतं. प्रोग्रॅम नवा झाला होता आणि जुने अकरा लाख फोटो त्याच्या नजरेखालून पुन्हा काढायचे होते. एका यंत्राला चार महिने लागले असते. दाढीवाले म्हणाले, शनिवारी दुपारी या, दाखवतो.

शनिवारी दुपारी त्यांनी एक ओळ टाइप केली आणि हात मांडीवर ठेवून बसले. पडद्यावर आकडा आला: बारा. मग ऐंशी. मग तीनशे. तक्तेबाई खुर्चीच्या कडेवर सरकल्या. पाच मिनिटांत नऊशे यंत्रं कामाला लागली होती. मधेच चाळीसेक मालकाने परत बोलावली, तर त्यांच्या हातातले फोटो आपोआप इतरांनी वाटून घेतले. साडेतीन तासांत अकरा लाख डोळे पाहून झाले, आणि आकडा पुन्हा खाली आला, तीनशे, ऐंशी, बारा, शून्य. खोली होती तशीच होती. खिडकीखाली कुणीतरी गाडी धूत होतं.

घरी आल्यावर त्या काकांना सांगू लागल्या. "अहो, नऊशे गाड्या. कुठून आल्या ठाऊक नाही. आल्या, एकेक फेरी मारली आणि गेल्या. फाटकाशी चाकाची खूण नाही."

"ड्रायव्हर?" काकांनी विचारलं.

"नाहीच."

काकांना त्या नऊशेपैकी पहाटेची ड्यूटी कुणाला लावलीस, असं विचारायचा मोह आवरला नाही.

तिसऱ्या महिन्यात चौदा दवाखान्यांचा प्रश्न आला. इतर सगळे दवाखाने नव्या, हातात धरायच्या कॅमेऱ्यांनी फोटो काढत. या चौदांकडे टेबलावरचे जुने कॅमेरे होते. त्यांचे फोटो वेगळ्या धाटणीचे, त्यांना वेगळा जुना प्रोग्रॅम लागायचा, आणि तो चालायचा एकाच जातीच्या महागड्या यंत्रावर. असं एक यंत्र रात्रंदिवस जागं ठेवावं लागे, कारण झोपेतून उठून तयार व्हायला त्याला बारा मिनिटं लागत आणि पेशंट तेवढा थांबतो की नाही कुणाला माहीत. आठवड्याला जेमतेम दोनशे फोटो, आणि त्यासाठी एकूण बिलाचा आठवा हिस्सा. प्रोग्रॅम नव्याने लिहायला वर्ष गेलं असतं. चौदा नवे कॅमेरे घ्यायला पैसे नव्हते. डॉक्टरबाईंनी बैठक घेतली आणि खाली बघत म्हणाल्या, की मला वाईट वाटतंय, पण हे चौदा सोडावे लागतील. आकडे समोरच होते.

तक्तेबाई म्हणाल्या, "डेपोत एखादी फेरी बंद करायची असली, की आधी तिच्यात बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, अशी माझी रीत होती. मला एक आठवडा द्या."

त्यांनी चौदांतला सगळ्यात लांबचा दवाखाना निवडला. तो एका बेटावर होता. सकाळची बस, मग बोट, दोन तास दहा मिनिटं. सोबत काका. बोट हलायला लागल्यावर काकांनी कठडा घट्ट धरला आणि बोटीला ब्रेक नसतो ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदाच लक्षात आल्यासारखा चेहरा केला. वाटेत दोन लहान बेटांवरून माणसं चढली. म्हाताऱ्या बायका, हातात पिशव्या; एक होड्या दुरुस्त करणारा सुतार, त्याची सून त्याचा दंड धरून. तक्तेबाईंना हळूहळू कळलं, की अर्धी बोट त्यांच्याबरोबर दवाखान्यातच चालली आहे.

दवाखाना म्हणजे एक लांबट खोली. भिंतीशी नऊ खुर्च्या, कोपऱ्यात जाड काळा पडदा, पडद्याआड तो जुना कॅमेरा, हनुवटी टेकायच्या जागी रंग उडालेला. सिस्टर एकटीच होती. तिने प्रत्येकाच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले आणि सगळ्यांना डोळे मिटून बसायला सांगितलं. वीस मिनिटं नऊ माणसं डोळे मिटून बसली. कुणीतरी मासळीच्या भावाबद्दल बोलत होतं, दुसरं कुणीतरी मिटल्या डोळ्यांनी मान हलवत होतं. तक्तेबाईंनी घड्याळ पाहिलं आणि वहीत "थेंब: वीस मिनिटं" असं लिहून ठेवलं.

पहिला नंबर सुताराचा लागला. त्याने हनुवटी टेकवली, आत एकदा लख्ख झालं, आणि शेजारच्या पडद्यावर त्याचा डोळा आतून दिसू लागला. तक्तेबाईंनी असे फोटो ऑफिसात पाहिले होते, पण शिक्क्याएवढे लहान, शेकड्यांनी. हा एक होता, आणि ज्याचा होता तो वीतभर अंतरावर नाक पुसत बसला होता.

केशरी, तांबूस, उगवतीच्या आभाळासारखा गोल. एका बाजूला फिकट पिवळी चकती, आणि तिथून निघालेल्या रक्तवाहिन्या. दोनाच्या चार, चाराच्या आठ, होत होत अगदी केसाएवढ्या बारीक. जिथे दोन वाहिन्या एकमेकींना ओलांडत होत्या तिथे एक पुलावरून गेल्यासारखी वरून जात होती. तक्तेबाईंचा चष्मा आपोआप कपाळावर गेला. त्यांनी एकतीस वर्षं शहराच्या कानाकोपऱ्यात गाडी पोचवायचा खटाटोप केला होता, आणि नाही म्हटलं तरी चार वस्त्या राहिल्याच होत्या. इथे एक तीळभर जागा सुटलेली नव्हती. या होड्या ठोकणाऱ्या माणसाच्या डोळ्यात सत्तर वर्षं हे सगळं अखंड चाललं होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

मग सिस्टरने बोटाने दाखवलं. खालच्या बाजूला काही वाहिन्यांच्या टोकांशी लाल ठिपके होते, गळल्यासारखे.

फोटो गेला. अडतीस सेकंदांनी उत्तर आलं: पंधरा दिवसांच्या आत मोठ्या इस्पितळात. सिस्टरने चिठ्ठी लिहून सुनेच्या हातात दिली आणि कोणत्या दिवशी, कोणत्या दारातून आत जायचं ते दोनदा सांगितलं. सून विचारत होती, की हे इतक्या लवकर कुणी पाहिलं. सिस्टर म्हणाली, लांब आहेत, पण बघतात. तक्तेबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

सगळे झाल्यावर सिस्टरने त्यांनाही खुर्चीवर बसवलं. "बसा हो मावशी. यंत्र चालूच असतं दिवसभर. तुमच्या वयाला बघितलेलं बरं."

थेंबांनी सगळं धूसर झालं. मग लख्ख उजेड, आणि मग त्यांचा स्वतःचा डोळा समोर. निरोगी निघाला. तरी त्या उठेनात. त्यांनी काकांना बोलावून दाखवलं. काकांनी पडद्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "एकोणतीस वर्षं हे माझ्यावर रोखलेलं होतं होय."

साडेपाचला बोट सुटणार होती. निघताना तक्तेबाईंनी सिस्टरला विचारलं, की बाकीच्या दिवशी किती फोटो असतात. सिस्टरला प्रश्नच चमत्कारिक वाटला. "बाकीच्या दिवशी कसे असतील? बोट गुरुवारीच येते."

परतीच्या वाटेवर उजेड डोळ्यांना सोसत नव्हता, म्हणून तक्तेबाई डोळे मिटून बसल्या होत्या. तशाच मिटल्या डोळ्यांनी त्यांनी हिशेब केला. आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास. त्यातले अडीच तास हा दवाखाना फोटो काढतो. वेळापत्रक होतंच. बोटीने ते कधीच ठरवून दिलं होतं. फक्त ऑफिसातून कुणी विचारलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे त्यांनी फोनवर काढले. चौदा दवाखाने, चौदा तऱ्हा. एकाकडे जनरेटर सकाळी दहा ते एकच चाले. एका सिस्टरकडे दोन गावं होती आणि एक सायकल. एकीकडे बाजाराच्या दिवशीच माणसं येत, एकीकडे बाजाराच्या दिवशी चिटपाखरू नसे. एका ठिकाणच्या सिस्टरने तर सरळ सांगितलं, की मंगळवारी माझी सासू माझ्याकडे असते, मंगळवार सोडून काहीही द्या. तक्तेबाईंनी मंगळवार सोडला. तेरा दवाखाने चार वेळांत बसले, आठवड्याला मिळून अकरा तास. वेळ ठरलेली असली, की ते महागडं यंत्र आधी सांगून राखून ठेवता येतं, असं दाढीवाल्यांनी सांगितलं. यंत्राने फक्त त्या वेळांच्या बारा मिनिटं आधी उठायचं.

चौदावा बसेना. तो डोंगरात होता. रस्ता मोकळा असेल तेव्हा माणसं येत, नसेल तेव्हा नाही. दाढीवाल्यांनी कागद बघितला आणि एवढा एक सोडून द्यावा लागेल म्हणाले. तक्तेबाईंनी वही उघडली. डोळ्यांत थेंब घातल्यावर पेशंटला वीस मिनिटं बसावंच लागतं, त्या म्हणाल्या. यंत्राला उठायला बारा पुरतात. सिस्टरने थेंब घातले, की एक मेसेज टाकायचा.

दाढीवाले त्यांच्याकडे बघतच राहिले. सहा वर्षं ते या कंपनीत होते. "पेशंट थांबतो?" त्यांनी विचारलं. "वीस मिनिटं?"

"डोळे मिटून," तक्तेबाई म्हणाल्या.

पहिल्या गुरुवारी अडीचपासूनच लोक त्यांच्या टेबलाभोवती उगाच घुटमळायला लागले. डॉक्टरबाई आपल्या खोलीतून उठून आल्या. यादीतली ती ओळ करडी होती, झोपलेली. दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी ती पिवळी झाली. कुणी हात लावला नव्हता. तक्तेबाईंनी लिहिलेली वेळ आली होती, एवढंच. त्यांना डेपोतलं फाटक आठवलं नाही, काहीच आठवलं नाही. त्या नुसत्या त्या ओळीकडे बघत होत्या. तीनला ती हिरवी झाली. मग चार मिनिटं काहीच घडलं नाही, आणि त्या चार मिनिटांत भाचीने तीनदा घड्याळ पाहिलं. तीन वाजून चार मिनिटांनी बेटावरून पहिला डोळा आला.

तो केशरी गोल पडद्यावर पसरला तसे सगळे पुढे वाकले. अडतीस सेकंदांनी उत्तर आलं. चांगलं होतं: इजा नाही, वर्षाने पुन्हा या. पाठोपाठ दुसरा आला, मग तिसरा. दाढीवाल्यांनी खुर्ची ओढली आणि तक्तेबाईंच्या शेजारी बसून पार शेवटचा फोटो येईपर्यंत एकेक पाहिला. साडेपाचनंतर ओळ पुन्हा करडी झाली. "बोट सुटली," ते म्हणाले. त्या माणसाने ती बोट कधी पाहिली नव्हती.

त्या यंत्राचं भाडं पंधराव्या हिश्श्यावर आलं. एकही दवाखाना सोडावा लागला नाही. तीन महिन्यांचे तक्तेबाईंचे पुढे सहा झाले, मग डॉक्टरबाईंनी त्यांना महिने मोजायचं बंद करा म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षाच्या खर्चाचा अंदाज तक्तेबाईंनी मांडला तेव्हा त्यात यंत्रांच्या रकान्याआधी एक रकाना होता: कोण, कुठून, कसं येतं. ऑफिसात नवीन येणाऱ्या प्रत्येक इंजिनियरला पहिल्या महिन्यात एका दवाखान्यात जाऊन दिवसभर बसावं लागे. दाढीवाल्यांनी तो नियम स्वतःच काढला आणि पहिले तेच गेले, डोंगरातल्या चौदाव्या दवाखान्यात. रस्ता बंद झाल्यामुळे तीन दिवस तिथे अडकले. परत आल्यावर दाढी निम्मी झाली होती आणि बोलणं दुप्पट.

जे पैसे वाचले त्यांतून आणखी दवाखाने घ्यायचे ठरलं. ज्यांच्याकडे कुणी टाकून दिलेले जुने कॅमेरे होते आणि ज्यांना आजवर सगळ्यांनी नकार दिला होता, असे तेवीस निघाले. तक्तेबाई पुन्हा फोन घेऊन बसल्या. शेवटचा फोन ज्या दवाखान्याला लागला तिथे आवाज मधेमधे तुटत होता. त्यांनी नेहमीचं विचारलं, की तुमच्याकडे माणसं कोणत्या दिवशी येतात.

पलीकडच्या सिस्टरने सांगितलं, की इकडे गाडी येत नाही, माणसं चालत येतात. लांबच्या वस्त्यांवरची सोमवारी पहाटे निघतात, वाटेत दोन मुक्काम करतात.

तक्तेबाई बोटांवर दिवस मोजू लागल्या. सिस्टरला वाटलं फोन कट झाला, ती हॅलो, हॅलो करू लागली.

"आहे मी," त्या म्हणाल्या. "म्हणजे बुधवारी पोचतात. किती वाजता?"

"दुपारी, एकच्या सुमाराला. थकलेली असतात, जरा बसतात."

तक्तेबाईंनी बुधवारच्या रकान्यात एक वाजून वीस मिनिटं लिहिलं, आणि यंत्राच्या रकान्यात एक वाजून आठ.